सण गोड होवो, रक्त नव्हे

घटस्थापना तोंडावर आली आहे. मुरुमच्या बाजारात घटाच्या परड्या, भगर आणि साबुदाणा दिसू लागला की पुढचे तीन महिने कसे जाणार हे इथल्या प्रत्येकाला पाठ असते. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचे लग्न, पाठोपाठ लग्नसराई आणि मार्गशीर्षात येळवस. पुणे, मुंबई, सोलापूर, हैदराबाद इथे पोटासाठी गेलेली मुले सुट्टीला गावी येतात. वर्षभर शांत असलेली घरे भरून जातात, चुलीवरची कढई उतरत नाही. हा आनंद खरा आहे आणि तो टिकायला हवा. म्हणूनच आज, सण सुरू होण्याआधी, काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. याच तीन महिन्यांत आपल्या घरांतल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चुकतात, तपासण्या पुढे ढकलल्या जातात, ताट वाढते आणि चालणे कमी होते. या साऱ्याची किंमत संक्रांतीनंतर कुणाचे डोळे, कुणाचे पाय, कुणाचे मूत्रपिंड आणि कुणाचे हृदय मोजते. ‘सणाचं असू द्या’ हे आपले लाडके वाक्य आता आपल्याला परवडत नाही.

दुखणे किती पसरले आहे ते आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. 31 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी त्यात झाली होती. देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, आणखी 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि 31.5 कोटी लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे, असा अंदाज या पाहणीतून निघाला. रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये 35.5 टक्के, म्हणजे तिघांत एकापेक्षा जास्त. हे शहरातले आजार, श्रीमंतांचे आजार, अशी समजूत करून घेण्याचे दिवस संपले. मुरुमच्या कुठल्याही गल्लीत दहा घरे फिरा, गोळ्यांची पाकिटे फडताळात सापडतील. खरी भीती मात्र ज्या घरांत पाकीट नाही त्यांची आहे, कारण तिथे अजून कुणी तपासलेलेच नाही. हे दोन्ही आजार सुरुवातीला दुखत नाहीत. दुखेपर्यंत वाट पाहणारा माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

सणांचा आणि वजनाचा संबंध जगभर मोजला गेला आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या सणांच्या काळात प्रौढांचे वजन किती वाढते याचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली अवघी 370 ग्रॅम. ऐकताना ही वाढ किरकोळ वाटते. पण संशोधकांना दुसरी गोष्ट दिसली, ती धडकी भरवणारी होती: ही वाढ पुढच्या वर्षभरात उतरली नाही. हिशेब करा. दहा सणांचे हंगाम म्हणजे साडेतीन किलोंपेक्षा जास्त, आणि ते बहुधा पोटाभोवती. 2016 साली अमेरिका, जर्मनी आणि जपान अशा तीन देशांतल्या लोकांची वजने तपासली गेली. प्रत्येक देशात आपापल्या मोठ्या सणांच्या आसपास वजन चढले. त्यातले निम्म्यापर्यंत लवकर उतरले, उरलेले पुढे कित्येक महिने राहिले. त्या देशांतला मुख्य हंगाम काही आठवड्यांचा असतो. आपला घटस्थापनेपासून येळवसेपर्यंत चालतो.

आणि आपल्या शरीरांची घडण त्यांच्यापेक्षा नाजूक आहे. हे सिद्ध करणारे मोठे काम महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी बारीक होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी जवळजवळ तेवढीच राखली होती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार, अशी ही घडण जन्मापासूनची. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच होता, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. ‘मी तर काटक आहे, मला कसली शुगर?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. 1972 चा दुष्काळ आपल्या भागाने अंगावर घेतला. खडी फोडायला गेलेल्या बायांमध्ये पोटुशा बायाही होत्या. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्या जगल्या. त्या पोटांतली लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. घराची कर्ती माणसे आज तीच आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तर त्यांची शरीरे साखर नीट पेलत नव्हती असे आढळले. चीनमधल्या 1959 ते 1961 च्या दुष्काळाविषयीच्या अभ्यासातही हेच दिसले. तिथे तर असेही आढळले की, पोटात असताना उपासमार सोसलेल्या माणसाला पुढे सुबत्तेचे जेवण मिळाले की धोका आणखी वाढतो. गर्भातच कमीत भागवायला शिकलेले शरीर पुढे भरपूर आले की गोंधळते, असे हे शास्त्र सांगते. आपल्या गावांत एका पिढीच्या आत नेमके हेच घडले आहे. तेव्हा तुपाची धार वर्षातून दोनदा दिसायची. आज ती कधीही मिळते.

ताट बदलले त्याच काळात घाम आटला. मोट गेली, नांगर ट्रॅक्टरला लागला, जात्याची जागा गिरणीने घेतली, सोयाबीनच्या रानात हार्वेस्टर आला. शेताला जायला मोटारसायकल, दळणाला मोटारसायकल, देवळालाही मोटारसायकल. विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू होते. हे कष्ट कमी झाले याचे दुःख कुणी करू नये, त्या कष्टांनी आपल्या आजोबा-आजींच्या पाठी मोडल्या आहेत. पण पुरणपोळी, गुळवणी, शेंगापोळी आणि तळलेला फराळ हे सगळे त्या घामाच्या हिशेबाने ठरलेले होते. दिवसभर औत हाकणाऱ्याचे ताट आज दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यापुढे येते, आणि तेही एका दिवसापुरते न राहता महिनाभर येत राहते. पूर्वी करंजी दिवाळीतच दिसायची. आता मिठाईचे दुकान बाराही महिने उघडे आहे आणि सणाला मात्र आपण त्याच्या दुप्पट खातो.

साखरेचे गणित साधे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. ही दुसरी मर्यादा साधारण माणसासाठी सुमारे 25 ग्रॅम होते. पाडव्याला पाच घरी भेटायला गेलो आणि पाच ठिकाणी दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतला, तर चहातूनच 40 ते 50 ग्रॅम साखर पोटात जाते. लाडू, अनारसे, शंकरपाळे यांचा हिशेब त्यानंतरचा. गूळ घातला म्हणून सुटका होत नाही, कारण गुळाचाही मोठा भाग साखरच असतो. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे ऐकायला जड जाईल, पण रक्ताला कारखान्याची साखर आणि गुऱ्हाळाचा गूळ यांत फारसा फरक कळत नाही.

आता उपवासाकडे वळू. श्रद्धेचा मान ठेवूनच हे लिहितो आहोत. नवरात्राचे नऊ दिवस आपल्या भागात हजारो लोक, विशेषतः बायका, उपवास धरतात. यांपैकी अनेकांना मधुमेह असतो आणि बरेच जण डॉक्टरांना न विचारताच एक तर गोळी बंद करतात किंवा जेवण बंद करून गोळी चालू ठेवतात. दोन्ही घातक. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि पोट रिकामे राहिले, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक. आणि गोळी बंद करून साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे खाल्ले, तर साखर उलट वर चढते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. उपवासाचे ताट हलके असते हा गैरसमज घराघरांत पक्का बसला आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी उपवास धरायचा की नाही, धरला तर गोळीची वेळ आणि मात्रा काय ठेवायची, हे घट बसण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. देवीला दूध, ताक, फळ, शेंगदाणे आणि राजगिराही चालतो. रक्तदाबाची गोळी पाण्यासोबत घेतल्याने कुठलेही व्रत मोडत नाही.

तुळजापूरच्या वाटेचेही तसेच. नवरात्रात आणि आश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसांची रीघ चालत तुळजाभवानीला जाते. उमरगा आणि मुरुम परिसरातलीही कितीतरी घरे ही वारी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. चालण्यासारखा व्यायाम नाही. पण कित्येक जण अनवाणी जातात आणि त्यांत मधुमेहीही असतात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. डांबर पोळते, खडा रुततो, फोड येतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. आठवड्याने जखम चिघळते आणि पुढे बोट किंवा पाय कापायची पाळी येते. मधुमेह असलेल्यांनी मऊ, मापाचे पायताण घालूनच चालावे आणि रोज रात्री तळवे स्वतः पाहावेत किंवा सोबत्याला पाहायला सांगावेत. वाटेत अन्नछत्रे उभारणाऱ्या मंडळांनी एका टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि जखम धुण्याची सोय ठेवावी. पायताण घालून आलेला भक्त आई भवानीला कमी प्रिय होत नाही.

महाप्रसादाबद्दल तर इशारा अनुभवाने मिळालेला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातला महाप्रसाद घेतल्यावर सुमारे दोन हजार लोकांना विषबाधा झाली. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात काही शे लोक आजारी पडले. खाटा पुरल्या नाहीत म्हणून माणसांना उघड्यावर झोपवून, झाडांना बांधलेल्या दोरीवर सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ती छायाचित्रे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. उपवासाच्या भगरीबद्दल अन्न व औषध प्रशासन दर हंगामात सावध करते. दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात. पीठ करून ठेवले की ओल लवकर धरते. म्हणून सुटे भगरपीठ घेऊ नये, तारीख पाहून बंद पाकिटातली भगर घ्यावी, निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळावी आणि जुना साठा वापरूच नये. हजार माणसांचा स्वयंपाक करणाऱ्यांनी हे नियम देवाची आज्ञा समजून पाळावेत. प्रसाद उरला म्हणून दुसऱ्या दिवशी वाटू नये.

दुकानातल्या खाण्याचीही पारख हवी. आपल्या धाराशिव जिल्ह्यातला भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांनी नाव कमावले आहे. मात्र सणाला मागणी एकदम वाढते तेव्हा भेसळीचा माल बाजारात घुसतो. तो ग्राहकाच्या आतड्यांचे आणि इमानदार खवा करणाऱ्याच्या पोटाचे, असे दोन्हीकडे नुकसान करतो. तळणीच्या तेलाचेही नियम आहेत. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणाऱ्या घातक घटकांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 च्या जुलैपासून लागू केला. वनस्पती तुपातल्या आणि तेलातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली. हे नियम कागदावर चोख आहेत. भजी आणि जिलेबीच्या कढईपर्यंत ते पोचतात का, हे अन्न निरीक्षकांनी सणाच्या आधी गावोगाव जाऊन पाहिले पाहिजे. घरात आपण इतके तरी करू शकतो: काळे पडलेले तेल पुन्हा कढईत घालू नये.

सर्वांत मोठा धोका हृदयाचा. स्वीडनमध्ये 1998 ते 2013 या काळातल्या दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली गेली. नाताळच्या आदल्या दिवशी हा धोका 37 टक्क्यांनी वाढलेला होता आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. पंचाहत्तरीपुढच्या आणि मधुमेह किंवा हृदयविकार आधीपासून असलेल्या माणसांना तो अधिक होता. देश वेगळा, सण वेगळा, पण त्या रात्रीची कारणे आपल्या ओळखीची आहेत: जड जेवण, जागरण, दारू, घरातली ओढाताण आणि थंडी. सणाला अतोनात दारू पिऊन हृदयाचे ठोके बिघडलेले रुग्ण अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1978 सालीच नोंदवले होते. नऊ दिवस व्रत आणि दहाव्या दिवशी मटणासोबत बाटली, ही आपल्याकडे रूढ होत चाललेली पद्धत तरुणांच्या हृदयालाही झेपणारी नाही.

शिवाय मुरुमला अंतराचा प्रश्न आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, उमरग्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण हृदयविकाराच्या मोठ्या उपचारांसाठी सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. त्यात वेळ जातो आणि झटक्यात प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी ‘ॲसिडिटी झाली असेल’, ‘आज लक्ष्मीपूजन आहे, उद्या बघू’ म्हणत आपण तासन्‌तास घालवतो. छातीत दडपण, जबडा, पाठ किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, अचानक दम लागणे, यांतले काही जाणवले तर लगेच 108 ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. मधुमेह्यांना आणि बायकांना छातीत दुखतेच असे नाही, नुसती गळून गेल्याची भावना आणि मळमळही पुरेशी असते. त्यांनी तर अधिक सावध राहावे.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, गरिबाच्या आयुष्यात सण हाच तेवढा विसावा, त्यातही डॉक्टर कशाला आणता? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. आजार गरिबालाच जास्त महाग पडतो. डायलिसिसवर गेलेला एक कर्ता माणूस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि शेवटी विकलेले रान. पुरणपोळी बंद करा असे आम्ही म्हणत नाही. सणाच्या दिवशी पोटभर जेवा आणि तो दिवस संपला की सणाचे ताटही संपू द्या, एवढेच मागतो आहोत. गोड खायचे ते जेवणातच खावे, दिवसभर डबे उघडत बसू नये. आधी कोशिंबीर, पालेभाजी आणि वरण, मग गोड. जेवणानंतर पंधरा मिनिटे पायी फिरावे, त्याने चढणारी साखर आवरते. भेटीगाठींना मोटारसायकल घरी ठेवून चालत जावे. आठवड्याला किमान 150 मिनिटे चालणे किंवा तेवढे श्रम हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे, म्हणजे रोजची बावीस मिनिटे. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून आले तरी मोठा हिस्सा पुरा होतो. सुट्टीत आलेल्या नातवंडांच्या हातातला मोबाइल काढून त्यांना शेताच्या वाटेने न्यावे. कुस्ती आणि कबड्डी या मातीतल्या गोष्टी आहेत. तालमीची आणि मैदानाची दारे दिवाळीच्या सुट्टीत बंद राहता कामा नयेत.

निरोगी सण कसा असतो याचा धडा आपल्याकडेच आहे. येळवसेला सारे घर शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा होते आणि रानभर हिंडून लोक एकमेकांच्या शेतात जेवतात. ताटात काय असते? तूर, हरभरा, वाटाणा, मेथी आणि कितीतरी भाज्या घालून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. कडधान्य, पालेभाजी, भरडधान्य, ताक आणि चालणे, आजचे आहारशास्त्र जे सांगून थकते ते सारे धाराशिव आणि लातूरच्या या सणात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा जगाला ज्वारीची ओळख करून द्यावी लागली. आपल्याला तिची आठवण तरी राहावी. इतर सणांची ताटे येळवसेच्या या मापाने तपासून पाहा: हिरवे किती, कडधान्य किती, चालणे किती?

या सगळ्यात एका माणसाकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. सण जिच्या हातांनी होतो ती बाई. पहाटे चारला उठून ती पुरण वाटते, दुपारपर्यंत उभी असते, सगळ्यांची ताटे वाढते आणि उरलेसुरले घेऊन शेवटी बसते. तिची बीपीची गोळी सकाळी घ्यायची राहिलेली असते, रात्रीचीही राहते. पाहुण्यांसमोर ‘मला चक्कर येते’ म्हणायचा तिला संकोच वाटतो. सुट्टीला आलेल्या मुलांनी आणि सुनांनी स्वयंपाकाचा भार वाटून घेतला, तिला सगळ्यांसोबत जेवायला बसवले आणि गोळीची वेळ आठवणीने पाळली, तर तेवढ्याने एखादा झटका टळू शकतो.

दुसरी विसरलेली माणसे उसाच्या फडात असतात. विठ्ठलसाई कारखान्याच्या परिसरात आणि साऱ्या पट्ट्यात गाळप सुरू झाले की तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांची दिवाळी कोपीत जाते. त्यांच्यातही मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गरोदर बाया आहेत, आणि गावाकडच्या दवाखान्याशी त्यांचा संबंध सहा महिने तुटलेला असतो. कारखान्यांनी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच तळावर तपासणी शिबिर घ्यावे आणि पुढे दर महिन्याला गोळ्या तळावरच पोचवाव्यात. उसाच्या साखरेवर गावाचे अर्थकारण चालत असेल, तर ती तोडणाऱ्यांच्या रक्तातली साखर मोजण्याची जबाबदारीही गावाने घेतली पाहिजे.

यासाठी नवी योजना लागत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी आरोग्य केंद्रांत करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आशाताई घरोघरी जातात. आपल्याच जिल्ह्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या साध्या बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले आणि गावातली बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते हे दाखवून दिले. एकत्र येणेही आपल्याला नवे नाही. किल्लारीच्या भूकंपाची पहाट, 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरच उजाडली होती. तेव्हा उमरगा आणि लोहाऱ्याचा हा परिसर एकमेकांना धरून उभा राहिला. ते बळ आपल्यात आहे. मधुमेहाच्या वेळी जमीन हादरत नाही, म्हणून ते आपण एकवटत नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या आहेत. नगरपरिषदेने घटस्थापनेच्या आधीच्या बाजारात रक्तदाब आणि साखर तपासणीचे टेबल मांडावे आणि दिवाळीपर्यंत ते दर बाजाराला चालू ठेवावे. आरोग्य विभागाने सणापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, म्हणजे सुट्टीत औषध संपल्याचे निमित्त उरणार नाही. दसरा, लक्ष्मीपूजन आणि पाडवा या दिवशी रुग्णालयात डॉक्टर कोण असतील याची यादी आठवडाभर आधी फलकावर लागावी आणि 108 ची गाडी कुठे उभी असेल हे लोकांना माहीत असावे. खासगी डॉक्टरांनी आपसांत पाळ्या लावून किमान एक दवाखाना उघडा ठेवावा. मंडळांनी महाप्रसादाच्या धान्याची आणि तेलाची पावती जपून ठेवावी. महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी गल्लीगल्लीत जाऊन वयस्कांना तपासणीला घेऊन यावे.

घरातले काम मात्र कुठल्याही आदेशाची वाट पाहत नाही. या आठवड्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजून घ्या आणि बोटातून काढलेल्या एका थेंबाने साखर पाहा. आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्या मोजा, कमी असतील तर आजच आणा. सुरुवात घरातल्या आईपासून करा. ती नको म्हणेल, कामे आहेत म्हणेल. तिचे ऐकू नका, तिला सोबत घेऊन जा.